दहावीचा निरोप समारंभ: डिसेंबरपासून शेवटच्या हजेरीपर्यंत

बहुतेक शाळांत निरोप समारंभाची आठवण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होते. पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासायचे असतात, जर्नलं अपुरी असतात, तोंडी परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागलेलं असतं. त्यात कुणीतरी म्हणतं, ‘अहो, निरोप समारंभ राहिला की!’ मग चार दिवसांत पाहुणे, हार, फुगे, समोसे ठरतात. त्या दिवशी दहा-बारा मुलं व्यासपीठावर दिसतात, नेहमी दिसतात तीच. उरलेली चाळीस टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

मी बरीच वर्षं दहावीची वर्गशिक्षिका आहे. एका वर्षी आम्ही वर्गाचं हस्तलिखित केलं आणि त्यात एका मुलाचं पान राहून गेलं. चूक माझ्या यादीतली होती. हस्तलिखित हातोहात फिरत त्याच्याकडे आलं तेव्हा त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं उलटलं, मग पुन्हा अनुक्रमणिका पाहिली, आणि मिटून शेजारच्याला दिलं. बोलला काहीच नाही. तेव्हापासून या समारंभाची माझी तयारी एकाच गोष्टीभोवती फिरते: पटावरच्या प्रत्येक मुलाचं नाव त्या दिवशी निदान एकदा, नीट, सगळ्यांसमोर घेतलं गेलं पाहिजे. पुढे जे लिहिलं आहे ते त्यासाठीच.

तारीख आधी पक्की करा

लेखी परीक्षा १ मार्चच्या आसपास सुरू व्हायची तेव्हा फेब्रुवारीचा पहिला आठवडा हाताशी असायचा. आता तो धरू नका. २०२५ साली लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, २०२६ साली २० फेब्रुवारीला. त्याआधीचे दोन-अडीच आठवडे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांत जातात. म्हणजे पूर्वपरीक्षा संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत एवढीच फट उरते. प्रजासत्ताक दिनानंतरचा शनिवार मला सगळ्यांत बरा वाटतो. सकाळची शाळा असते, मैदान झाडून झालेलं असतं, माइक आणि खुर्च्या २६ जानेवारीसाठी काढलेल्याच असतात.

ही तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या आणि वर्गात लावा. वेळ सकाळी साडेआठ ते साडेबारा. संध्याकाळचा कार्यक्रम टाळा. लांबच्या गावांहून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी चुकली तर सगळा आनंद काळजीत जातो.

पट उघडा, आणि पटाबाहेरचीही आठवण ठेवा

कामाची सुरुवात सजावटीच्या चर्चेने करू नका, हजेरीपटाने करा. कार्यालयातून पाचवीपासूनचे पट मागवून घ्या. एका लांब कागदावर सहा रकाने आखा, पाचवी ते दहावी. कोण कोणत्या वर्षी आलं, कोण कोणत्या वर्षी गेलं ते मुलांनाच भरू द्या. एका ऑफ तासात हे काम होतं, आणि त्या तासाला वर्गात जेवढं हसू आणि जेवढी शांतता असते तेवढी मी दुसऱ्या कुठल्या तासाला पाहिली नाही. ‘अरे, तो सातवीत होता ना आपल्याबरोबर? कुठे गेला?’

कुणाच्या वडिलांची बदली झालेली असते. कुणाचं कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असतं आणि हंगाम संपल्यावर मुलगा परत शाळेत आलेलाच नसतो. एखाद्या मुलीचं शिक्षण आठवीतच थांबवलेलं असतं. ही मुलंसुद्धा या वर्गाची आहेत. त्यांची वेगळी यादी करा आणि मुलांकरवी प्रत्यक्ष निरोप पाठवा. ‘दहावीचा कार्यक्रम आहे’ म्हटलं की ती संकोचतात, म्हणून ‘आपल्या वर्गाचा डबा आहे, तू ये’ असं सांगा. दोन-तीन जण येतात. जी येणार नाहीत त्यांच्याकडून हस्तलिखितासाठी चार ओळी तरी मिळवायच्या.

सध्याच्या वर्गांबाबत आणखी एक ध्यानात असू द्या. २०२६ साली दहावीला बसलेली मुलं पाचवीत आली ती जून २०२०मध्ये. त्यांचा हायस्कूलचा पहिला दिवस मोबाइलच्या पडद्यावर झाला, तोही घरात मोबाइल असेल तर. त्यांच्या मागून येणाऱ्या वर्गाची चौथी घरीच संपली. प्राथमिक शाळेचा निरोप त्यांना मिळालाच नाही. अशा मुलांना ‘पाचवीतला पहिला दिवस आठवा’ म्हणून उपयोग नाही. त्यांना विचारा, मास्क काढलेला आपल्या मित्राचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं? कुणाच्या ओट्यावर बसून, कुणाच्या फोनवर तास पाहिला? माझ्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं की सहावीत प्रत्यक्ष शाळेत येईपर्यंत तिला मी उंच असेन असं वाटायचं.

आठवणी मागताना प्रश्न नेमका विचारा

‘शाळेबद्दलच्या भावना लिहा’ असं सांगितलं की पन्नास कागदांवर एकच मजकूर येतो: शाळा हे ज्ञानमंदिर, गुरुजन हे दीपस्तंभ. मुलं खोटं लिहीत नाहीत. निबंधात त्यांनी तेच वाचलेलं आणि आपणच त्याला गुण दिलेले असतात. भावना विचारायचीच नाही. वस्तू, जागा, माणूस, आवाज विचारायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक कागद वाटते. त्यावर हे प्रश्न असतात:

- कोणत्या बाकावर सगळ्यांत जास्त दिवस बसलास? त्यावर काय कोरलेलं आहे?
- मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यातली कोणती भाजी आधी संपायची?
- शाळेतली अशी कोणती जागा आहे जिथे तू एकटा जायचास?
- कोणत्या दिवशी शाळेत येऊ नये असं वाटलं होतं? तरी आलास का?
- कोणाची माफी मागायची राहिली आहे?
- शिक्षकांखेरीज शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसानं तुला मदत केली?

सगळ्यांची उत्तरं मागत नाही. कोणतेही दोन प्रश्न निवडायचे, दहा ते पंधरा ओळी लिहायच्या. माफीच्या प्रश्नाचं उत्तर छापायचं की नाही हे त्या मुलानं ठरवायचं. बऱ्याचदा तो कागद हस्तलिखितात येतच नाही, योग्य त्या मुलाच्या हातात जातो, आणि मला तेच हवं असतं.

लिहिता न येणारी मुलं दहावीतही असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना बाजूला बसवून बोलतं करा आणि त्यांचं बोलणं एखाद्या मित्राला उतरवून घेऊ द्या. चित्र काढलं तरी चालेल. पान कोरं राहता कामा नये.

हस्तलिखित: एका मुलाचं एक पान

मराठी शाळांत हस्तलिखिताची परंपरा जुनी आहे, आणि निरोपासाठी त्याहून योग्य भेट मला सापडलेली नाही. मुलाचं अक्षर त्यात राहतं. वीस वर्षांनी ते अक्षर पाहून माणूस ओळखता येतो.

ए-फोर आकाराचा जाड पांढरा कागद घ्या. डावीकडे बांधणीसाठी तीन सेंटिमीटर समास सोडायचा, नाहीतर पहिली अक्षरं शिवणीत जातात. लिहायला काळा पेन. निळी शाई झेरॉक्सला फिकट येते. सजावट फक्त कडेला, मजकुराच्या मागे रंग नको. मुखपृष्ठ इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेल्या दोघा-तिघांकडे सोपवा, त्यांच्याइतकी हौस कुणाला नसते.

संपादक मंडळ पाच जणांचं पुरे. त्यात एक हुशार, एक सुंदर अक्षराचा, एक खटपट्या, एक कधीही पुढे न येणारा, आणि एक नववीचा, म्हणजे पुढच्या वर्षी काम माहीत असलेलं कुणीतरी असतं. शुद्धलेखन सुधारावं, भाषा सुधारू नये. मूल अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत लिहीत असेल तर ते तसंच ठेवा. ‘आमी’ला ‘आम्ही’ करताना पुष्कळदा त्या मुलाचा आवाजच पुसला जातो.

टोपणनावांबद्दल मात्र कडक राहा. ज्याचं नाव आहे त्यानं स्वतःच्या पानावर स्वतः लिहिलं असेल तरच ते जाईल. दुसऱ्याच्या पानावर ‘काळ्या’, ‘जाड्या’ असं लिहिलेलं असेल तर ते काढायचं, मग तो कितीही म्हणो की त्याला चालतं. फोन नंबर आणि पत्तेही छापू नका.

पाच जानेवारीपर्यंत पानं जमली पाहिजेत. मग सगळ्यांत महत्त्वाचं काम: पट हातात धरून, एकेक क्रमांक मोठ्यानं वाचून, पान आहे की नाही ते पाहायचं. हे दोघांनी वेगवेगळ्या दिवशी करायचं. माझी ती चूक एकदाच मोजल्यामुळे झाली होती.

बावन्न मुलं आणि साठ पानं धरली तर सगळ्यांना झेरॉक्स द्यायला ३१२० प्रती लागतात. त्यापेक्षा मूळ प्रत शिवून ग्रंथालयात ठेवा, स्कॅन करून पीडीएफ सगळ्यांना पाठवा, आणि ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यापुरती झेरॉक्स काढा. ती कुणाला हवी हे वर्गात हात वर करायला लावून विचारू नका.

पैशाचं बोलणं

वर्गणीची वरची मर्यादा मी माणशी १०० रुपये ठेवते. मॉनिटरकडे एकसारखी पाकिटं देते, प्रत्येकाला एक. नाव लिहायचं नाही; जमेल तेवढे घालायचे, जमत नसेल तर रिकामं पाकीट चिकटवून द्यायचं. पाकिटं बरोबर बावन्न यायला हवीत, पैसे किती येतात ते येवोत. कमी पडलं तर शिक्षक आपसांत भरतात. अशा पद्धतीनं एकही मूल ‘माझे राहिलेत’ म्हणून त्या दिवशी गैरहजर राहत नाही. वर्गणी न देता आल्यानं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती कारण पोटदुखीचं देतात.

कपड्यांचंही तसंच. मुली साड्या नेसतात, मुलं भाड्यानं कोट आणतात, हल्ली काही ठिकाणी काळे झगे आणि चौकोनी टोप्याही आल्या आहेत. मुलींना आईची साडी नेसायची हौस असते हे मला समजतं, आणि त्या सुंदर दिसतात. तरीही मी गणवेशाचा आग्रह धरते. सहा वर्षं ज्या कपड्यात शाळा काढली त्यातच तिचा निरोप घ्यावा. शिवाय त्या दिवशी कोण काय नेसलं यावरून घराची परिस्थिती उघडी पडत नाही.

गणवेशाच्या पाठीवर स्केचपेननं सह्या करायची पद्धत आता सगळीकडे आहे. मुलांना ती मनापासून आवडते, पण बोर्डाच्या परीक्षेला त्याच गणवेशात जायचं असतं, आणि पुष्कळ घरांत तो शर्ट धाकट्या भावाला जाणार असतो. म्हणून तीन मीटर मांजरपाट आणा आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर ताणून बांधा. बॉलपेन कापडावर अडकतं, मार्कर ठेवा. सह्या झालेलं कापड शाळेत राहतं. पुढच्या वर्षी तेच व्यासपीठाच्या मागे लागतं.

कार्यक्रमाची आखणी

नववीचा वर्ग यजमान असतो. रांगोळी, फळा, सूत्रसंचालन, आसनव्यवस्था त्यांच्याकडे द्या आणि दहावीच्या मुलांना त्या दिवशी कामाला लावू नका. बाहेरचे पाहुणे बोलावू नयेत असं माझं मत आहे. पाहुणे आले की सत्कार आला, परिचय आला, पाऊण तास गेला. बोलवायचंच असेल तर याच शाळेत शिकलेलं, गावातलंच कुणीतरी बोलवा. एकदा आम्ही एका मुलाच्या आजोबांना बोलावलं होतं. त्यांची मॅट्रिक जुन्या अकरावीची. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा मार्च १९७५मध्ये झाली, त्याच्या आधीची ती पिढी. त्यांनी फक्त आपला वर्ग कोणत्या खोलीत भरायचा ते सांगितलं. मुलं उठून त्या खोलीत जाऊन आली.

दोन तासांच्या वर मुलं बसत नाहीत. माझी आखणी साधारण अशी असते. प्रार्थना आणि दीपप्रज्वलन दहा मिनिटं. प्रास्ताविक पाच. त्यानंतर लगेच, कुणाच्याही भाषणाआधी, शिपाईकाका, प्रयोगशाळा सहायक, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि लिपिक यांना मुलांनी गुलाबाचं फूल द्यायचं. प्रश्नांच्या कागदावर मुलांनी त्यांच्याबद्दल लिहिलेल्या दोन-दोन ओळी तिथंच वाचायच्या. हा भाग शेवटी ठेवला की आभारप्रदर्शनात वाहून जातो. नववीची दोन मनोगतं, दहावीची चार, प्रत्येकी तीन मिनिटं. मग शेवटची हजेरी. मग मुख्याध्यापक, दहा मिनिटं. आभार. संपलं.

शेवटच्या हजेरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या मते समारंभ म्हणजे तोच. वर्गशिक्षकानं रोजचा हजेरीपट घेऊन उभं राहायचं आणि क्रमांकानं नावं घ्यायची. पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा आईच्या नावासह, जसं पटावर आहे तसं. नाव आलं की मुलानं उभं राहायचं आणि ‘हजर’ऐवजी एक वाक्य म्हणायचं. कोणतंही. ‘मी तीन वर्षं पाण्याच्या टाकीजवळची घंटा वाजवली.’ ‘गणित मला शेवटपर्यंत आलं नाही पण सरांनी मला कधी बाहेर काढलं नाही.’ ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसतं ‘हजर’ म्हणावं. प्रत्येकी पंचवीस सेकंद धरले तर बावन्न मुलांचे बावीस मिनिटं होतात. आदल्या दिवशी वर्गात एकदा सराव घ्या, पण वाक्यं ऐकू नका, फक्त उभं राहणं आणि आवाज तपासा.

सोडून गेलेल्या मुलांची नावंही त्यांच्या जुन्या क्रमांकावर घ्या. आलेली असतील तर ती उभी राहतील. नसतील तर शेजारी बसणाऱ्यानं ‘तो इथे होता’ एवढं म्हणायचं. एखादं मूल या सहा वर्षांत देवाघरी गेलं असेल, तर त्याच्या घरच्यांना आधी भेटून विचारा. त्यांची इच्छा असेल तरच नाव घ्या.

मुलं रडतात. रडू द्यावं. माइक हातात घेऊन ‘रडायचं नाही हं’ असं म्हणू नये. नववीच्या दोघांना पाण्याची बाटली देऊन कडेला उभं करा, तेवढं पुरतं.

तीन मिनिटांचं मनोगत

चार वक्ते निवडताना दोन नेहमीचे आणि दोन कधीच न बोललेले निवडा. वहीचं दीड पान म्हणजे साधारण तीन मिनिटं. मुलांना मी इतकंच सांगते: एक जागा, एक माणूस, एक गोष्ट जी अजून कुणाला माहीत नाही. सुरुवात ‘सन्माननीय व्यासपीठ’ने केली तरी हरकत नाही, पण दुसऱ्या वाक्यात शाळेतली एखादी वस्तू दिसली पाहिजे. चारोळ्या नेटवरून उतरवायच्या नाहीत. घरी आरशासमोर म्हणायचं नाही, आईसमोर म्हणायचं. आई जिथे थांबवते ते वाक्य बहुधा कच्चं असतं.

शिक्षकांनीही हाच नियम पाळावा. ‘परीक्षेत घवघवीत यश मिळवा’ हे मुलं वर्षभर ऐकतात. त्या दिवशी गुण, टक्केवारी, बेस्ट ऑफ फाइव्ह, अकरावीचा प्रवेश यातलं काहीही व्यासपीठावर नको. हॉल तिकीटही त्या कार्यक्रमात वाटू नका. ते वर्गात वेगळ्या दिवशी द्या, नाव, विषय, फोटो, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का तिथल्या तिथे तपासून घ्या.

फोटो, डबा आणि शाळेला भेट

वर्गाचा फोटो कार्यक्रमाआधी, सकाळी काढा. नंतर डोळे सुजलेले असतात आणि ऊन डोक्यावर येतं. पाठीमागे ऊन नको, सगळे काळे येतात. डोळ्यांत थेट ऊनही नको. इमारतीच्या सावलीची बाजू निवडा. मागची रांग बाकांवर, मधली उभी, पुढची जमिनीवर. शिक्षक दोन्ही टोकांना. छापलेल्या प्रतीमागे रांगेप्रमाणे डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्या, त्याच आठवड्यात. दहा वर्षांनी ‘हा कोण?’ असं विचारायची वेळ येते.

जेवणासाठी केटरर नको. सगळ्यांनी डबा आणायचा, नेहमीचाच, आणि वर्गात बाक बाजूला सारून गोल करून बसायचं. शाळेकडून जिलेबी. साठ जणांना सहा किलो पुरते. ज्यांचा डबा येणार नाही अशी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असतात. नववीच्या मुलींना आधी सांगून चार पोळ्या-भाजी जास्त आणवून ठेवा. गोलात एकदा सगळं मध्ये आलं की कुणाचं काय ते कळत नाही.

शाळेला भेट देताना भिंतीवरचं घड्याळ हा नेहमीचा पर्याय असतो. आमच्या शाळेत अशी बरीच घड्याळं आहेत, त्यातली बहुतेक बंद. त्याऐवजी ग्रंथपालांना आणि प्रयोगशाळेत विचारा, नेमकं काय हवं आहे. एका वर्गानं शब्दकोशाच्या पाच प्रती दिल्या. त्या अजून रोज वापरात आहेत आणि प्रत्येकीवर त्या वर्गाचं साल आहे.

समारंभानंतर

त्याच दिवशी घरी जाण्याआधी नववी आणि दहावीनं मिळून वर्ग झाडायचा. व्हॉट्सॲप गट करणार असतील तर ज्यांच्याकडे फोन नाही अशा मुलांची नावं एका कागदावर काढून प्रत्येकाला एक ‘निरोप्या’ नेमून द्या, त्याच आळीतला.

जनरल रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख मुलांकडून परीक्षेआधीच एकदा तपासून घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती चूक उतरली की कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. निकालानंतर गुणपत्रिका घ्यायला मुलं येतील तेव्हा नापास झालेली मुलं बहुधा शेवटी, गर्दी ओसरल्यावर येतात. त्या वेळी कार्यालयात थांबा. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायची तारीख लिहून ठेवलेली असू द्या, आणि तो अर्ज त्यांच्याबरोबर बसून भरा.

आणि समारंभाच्या दिवशी कुणीतरी गैरहजर असतंच. ताप, घरचं लग्न, शेतातलं काम. त्या संध्याकाळी किंवा रविवारी त्याच्या घरी दोन मित्रांना पाठवा, जमलं तर स्वतः जा. जिलेबीचा पुडा, हस्तलिखितातलं त्याचं पान, मांजरपाटाचा एक कोपरा कापून त्यावर वर्गाच्या सह्या. आणि पट बरोबर न्या, त्याचं नाव दारात उभं राहून घ्या.